पाळण्यापाशी घेतलेली शपथ

स्टर्लिंग,
नोव्हेंबर, मार्टिनमसच्या सणाचा दुसरा दिवस

प्रिय निनियन,

राजा असा कधी झाला, हे तू विचारलं आहेस, आणि मला ते सांगता येत नाही. तुझं पत्र आल्यापासून हा प्रश्न मनात घेऊनच मी राजाच्या सदऱ्यांच्या घड्या घालते आहे. चालायला लागायच्या आधी त्याच्या डोक्यावर मुकुट धरला गेला. नुसता धरलाच, कारण ठेवला असता तर गळ्यापर्यंत उतरला असता. त्याच्या बापाला मारणारे लोक त्या दिवशी देवळात पहिल्या रांगेत बसले होते. त्याच्या आईला समुद्रापार हाकलून दिलेलं. मग एका सरदाराने त्याला ताब्यात घ्यायचं, दुसऱ्याने पळवायचं, तिसऱ्याने त्याच्या नावाने हुकूम काढायचे. लहानपणी ज्याच्या मांडीवर बसून तो सकाळी जेवला, त्याच माणसाला संध्याकाळी फळीवर घालून आणलेलं त्याने पाहिलं. हे सगळं मी कारण म्हणून मांडते आणि मग मला आठवतं की त्या फळीशेजारी मीही उभी होते. मी त्याच्याच वयाची. आपल्या आईच्या एका बाजूला तो प्यायचा, दुसऱ्या बाजूला मी. मास्टर गिलक्रिस्टांची छडी दोघांनाही बसायची. त्याला लॅटिन चुकल्याबद्दल आणि मला त्याच्या आधी उत्तर दिल्याबद्दल. मग मी तशी का झाले नाही? की मला मुकुट मिळाला नाही, एवढंच?

तुझ्या कुत्र्याबद्दल मी वाद घालत नाही. शिटीला तो तुझ्याकडे यायचा आणि राजाकडे जायचा नाही, म्हणून राजाने तो फासावर टांगला. राजा तेव्हा तेरा वर्षांचा होता. मी म्हणाले होते, पोरगा आहे, सुधारेल. तू म्हणालास, जोवर तू ह्याच्या सदऱ्यांच्या घड्या घालतेस तोवर मला बहीण नाही, आणि समुद्रापार डान्झिगला जाणाऱ्या गलबतावर चढलास. इतक्या वर्षांनी तुझं पत्र आलं ते कुण्या पाद्र्याच्या अक्षरात. माझी पत्रंही तोच वाचून दाखवत असेल. आपल्या घरात अक्षर ओळखणारी मी एकटीच, ह्याचा मला अभिमान होता. आज त्याचं वाईट वाटलं.

आई बरी आहे. एक बातमी आहे. राजाला पंचविसावं वर्ष लागतं आहे. म्हणजे रीतीप्रमाणे, तो अज्ञान असताना त्याच्या नावाने जे जे कुणाला दिलं गेलं ते सगळं तो भर पार्लमेंटमध्ये परत घेणार. ज्यांना आपलं राखायचं आहे त्यांनी पुन्हा मंजुरी मागायची. सारे उमराव रांगेत उभे आहेत. आपलं घर आणि गाईचं कुरण त्यातच येतं. कोठीवाला वॅट काल मुद्दाम आला होता.

"इझोबेल, अर्ज दे," तो आईला म्हणाला. "मोठेमोठे टोप्या हातात घेऊन उभे आहेत. तू कोण लागून गेलीस?"

"मी? ते सगळे त्याच्या दारात उभे आहेत रे. तो माझ्या अंगावर वाढलाय."

"राजे लोक दूध विसरतात."

"विसरू दे. मुतलेलं तरी आठवेल? माझा एक झगा धड ठेवला नाही त्याने."

वॅट हसला, पण आई हसली नाही. म्हणाली, "त्याने स्वतः त्या कुरणात उभं राहून माती आणि दगड माझ्या हातावर ठेवला. एवढुसा होता. जमीन देताना असंच करायचं असतं हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं, तर मुठीत मावेना म्हणून दोन फेऱ्या केल्या त्याने. आता मी त्याला विचारू, की बाळा, ते खरं होतं का?"

मलाही तिचं पटलं. अर्ज करणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं. त्याची परीक्षा होऊ दे, निनियन. तो तुला वाटतो तसा नाही.

तुझी,
ग्रिझेल


स्टर्लिंग,
डिसेंबर, नदी गोठली आहे

प्रिय निनियन,

तुला खोटं ठरवायचा आनंद मला आज घेऊ दे. राजाने काल आईला जेवायला बोलावलं. खालच्या टेबलावर नाही, आपल्या शेजारी. भाजलेलं हंसाचं मांस स्वतःच्या सुरीने कापून तिच्या ताटात वाढलं. आणि म्हणाला, "आई, ती गोष्ट सांग. माझ्या राज्याभिषेकाची."

तुला ती पाठ आहे. तू, मी आणि राजा चुलीपुढे बसायचो आणि आई तोच तो पोरकटपणा करायची. काल तिने तो पुऱ्या दरबारापुढे केला. बाळाला मांडीवर घेतल्यासारखे हात केले. "तर मी हे गाठोडं पाळण्यात ठेवून शेजारी उभी. तान्ह्या पोराला शपथ कशी घेता येणार? म्हणून ग्लेनर्डी सरदार त्याच्या वतीने घ्यायला पुढे आले. काय ती दाढी! वाकले पाळण्यावर, म्हणाले, मी धर्म राखीन. ह्याने दाढी धरली. मी न्याय करीन. ह्याने ओढली. आता आलं ते मोठं वाक्य, की लोकांच्या सभेला विचारल्याशिवाय मी कर बसवणार नाही नि लढाई करणार नाही. तोच ह्या बाळाने सरदारांच्या बाहीवर सोडली धार! सरदारांनी ते वाक्य गपकन गिळलं आणि एकदम म्हणाले, आमेन!"

लोक टेबलं बडवत होते. राजाला हसता हसता ठसका लागला. त्याने आईचा हात ओठांना लावला. म्हणाला, "गिळलं म्हणजे, म्हटलंच नाही?"

"कुठलं म्हणतायत! बाही पिळत होते."

"आणि तू किती जवळ होतीस?"

"ह्या मिठाच्या भांड्याइतकी, बाळा."

घराचं काही बोलणं झालं नाही, पण जाताना तो म्हणाला, "आई, तू अर्ज केला नाहीस. एकटी तूच." हे त्याने कौतुकाने म्हटलं असं मला वाटतं. म्हातारा ग्लेनर्डी तिथे नव्हता. हल्ली तो दरबारात येत नाही. मागच्या वेळी त्याने सर्वांदेखत राजाला त्या शपथेची आठवण करून दिली होती, नव्या करावरून.

भिंतीशी एक लेखनिक बसून लिहीत होता. दरबारात नेहमीच कुणीतरी लिहीत असतं.

ग्रिझेल


स्टर्लिंग,
फेब्रुवारी, कँडलमास

निनियन,

ग्लेनर्डीला धरून नेलं. आरोप असा की त्याने देवळात राजाच्या वतीने खोटी शपथ घेतली. ते मोठं वाक्य चोरलं आणि नंतर ते आहे असं सांगून आयुष्यभर राजाला दाबत आला. साक्षीदार: राजाची दाई. आईला मार्चमध्ये पार्लमेंटपुढे हजर व्हायचं आहे.

आईने कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग म्हणाली, "अगं पण त्याने म्हटलं होतं ते वाक्य. दातओठ खाऊन म्हटलं, दाढी ओढली जात होती ना. पण अख्खं म्हटलं. गिळलं ते मीच घातलं नंतर. तुम्ही पोरं त्याच जागी जास्त हसायचात."

मला वाटलं, मग प्रश्न कुठे आहे? राजाला हे ठाऊक नसणार. त्याला खरं सांगितलं की संपलं. मास्टर गिलक्रिस्टांनी आम्हाला एकाच बाकावर बसवून शिकवलं होतं की रक्ताने राजा होत नाही, शपथेने होतो. आणि खरं ऐकायचं धाडस ज्याच्यात नाही तो शपथेला लायक नाही. हे मी मनापासून मानत आले आहे. मी राजाकडे गेले.

तो खिडकीत बसून उकडलेलं अंडं सोलत होता. मी सगळं सांगितलं. त्याने अर्धं अंडं मला दिलं.

"ग्रिझेल, तर्कशास्त्र आठवतं का? कर पाहू. गोष्ट खरी असेल, तर ग्लेनर्डी देवळात खोटं बोलला. गोष्ट खोटी असेल, तर तुझी आई माझ्या राज्याभिषेकाबद्दल खोट्यानाट्या कहाण्या पसरवत आली. राजाबद्दल खोट्या कहाण्या पसरवण्याला आपल्या कायद्यात शिक्षा काय?"

मी अंडं खिडकीच्या कठड्यावर ठेवलं.

"सांग ना. तू तर नेहमी माझ्या आधी उत्तर द्यायचीस."

"मृत्यू, महाराज."

"शाब्बास."

"ती पोरांना हसवायला सांगायची. तुला हसवायला सांगायची." माझ्या तोंडून 'तुला' गेलं.

"हो, आणि मी हसायचो. पोटात दुखेपर्यंत." तो खरंच हसला, तसाच, लहानपणचा. "पण बघ, कालपर्यंत माझ्याकडे नुसती एक गंमत होती. ती खोटी आहे आणि तुझ्या आईला ते ठाऊक आहे, हे मला आत्ता कुणी सांगितलं? तू. तुझ्या आईने शपथेवर ते नाकारलं, तर तिच्याविरुद्ध साक्षीला मी तुला उभं करीन. तू खोटं बोलणार नाहीस. सगळ्या किल्ल्यात खोटं न बोलणारी तू एकटी आहेस, म्हणून तर माझे कपडे तुझ्याकडे असतात."

"ग्लेनर्डीने तुम्हाला देवळातून कडेवर आणलं होतं."

"सगळ्यांनीच मला कुठून ना कुठून कडेवर नेलंय. कुणी एकाने तरी विचारलं होतं का, की जायचंय का?" त्याने मिठाचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "खा. गार होतंय."

मी ते खाल्लं, निनियन. मला का ते सांगता येणार नाही.

हे मी आईला सांगितलेलं नाही. सांगावं की नाही ह्याचा विचार करते आहे. तू असतास तर काय केलं असतंस हे मला ठाऊक आहे, म्हणून लिहू नकोस.

ग्रिझेल


स्टर्लिंग,
मार्च

प्रिय निनियन,

घर राहिलं. कुरणही राहिलं. मंजुरी झाली. आई बरी आहे. थंडी यंदा फार लांबली. गाय व्यायली. बाकी सवडीने लिहीन.

ग्रिझेल


स्टर्लिंगचा किल्ला, पहारेकऱ्यांची खोली,
मे महिना, बाजाराचा दिवस

निनियन,

वॅटने शाई आणून दिली आहे आणि लीथ बंदरापर्यंत हे पोचवायचं कबूल केलं आहे. तुझ्या पाद्र्याला सांग की हे पत्र त्याने एकट्या तुला वाचून दाखवावं. आई तोवर तुझ्याकडे पोचली असेल. तिच्या कानावर ह्यातला एक शब्द जाऊ देऊ नकोस.

मार्चमध्ये मी तुला खोटं लिहिलं नाही, पण खरंही लिहिलं नाही. आता लिहिते.

मी अखेर आईला सगळं सांगितलं. मला वाटलं, दोघी मिळून मार्ग काढू. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "म्हणजे मी खरं बोलले तर माझ्याविरुद्ध तुला उभं करणार?" मी हो म्हणाले. ती म्हणाली, "आणि तू उभी राहशील." हा प्रश्न नव्हता.  मग तिने पीठ मळायला घेतलं. मला वाटलं, खरं सांगायचं तिने ठरवलंय. ठरवलं होतंच, पण मला वाटलं ते नाही.

पार्लमेंटमध्ये तिने हात बायबलवर ठेवला आणि गोष्ट सांगितली. ह्या वेळी हातवारे केले नाहीत. सांगितलं की त्या वाक्यापाशी सरदार थांबले आणि ते वाक्य त्यांनी म्हटलं नाही. म्हातारा ग्लेनर्डी आता बहिरा आहे. त्याला ऐकूच आलं नाही. तो शिपायाला विचारत होता, "काय म्हणाली? काय म्हणाली ती?" शिपायाला त्याच्या कानात ओरडून सांगावं लागलं, धार सोडल्यासकट. सगळी सभा हसली. मग म्हातारा आईकडे वळला. रागावला नव्हता. एखाद्या पोराची चूक दुरुस्त करावी तसा म्हणाला, "नाही गं इझोबेल. म्हटलं होतं मी. तू शेजारीच होतीस की."

आई म्हणाली, "मला आठवतं ते मी सांगितलं."

दुसऱ्या आठवड्यात त्याचं डोकं उडवलं. आईने मला वाचवायला हे केलं, आणि स्वतःला नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. आईच्या गळ्यात दोरी घालणारी साक्ष देऊन मी जन्मभर जगायला नको, म्हणून तिने एका म्हाताऱ्याचं आयुष्य दिलं. तिला वाटलं, मुलगी सुटली.

नंतर राजा स्वतः कुरणात आला. थंडीत, दरबाऱ्यांना घेऊन. वाकून माती आणि दगड उचलला, आईच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "घे, आई. आता मी जाणता आहे. आता हे कुणी परत घेऊ शकत नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईने मूठ मिटली. तो गेला तरी उघडली नाही. पेज वाढल्यावर मी तिची बोटं एकेक करून सोडवली.

गावातली पोरं आता एक खेळ खेळतात. एक ग्लेनर्डी होतो, एक बाळ होतो, आणि बाकीची ओरडतात, "गिळलं! गिळलं!" आई दिसली की जास्त जोरात. आपल्या गाईचं लोणी कुणी घेत नाही. शेजारची बेट्रिस वेशीवर म्हणाली, "लोणी चांगलंच असेल गं, गवत म्हाताऱ्याच्या रक्तावर वाढलंय." आई बोलेनाशी झाली. इतकी बोलकी बाई, निनियन.

नवा कर ईस्टरनंतर लागू झाला. सभेला विचारलं नाही. विचारायला बांधलेला नाही असं राजाने सांगितलं, आणि पुरावा म्हणून आईची साक्ष चौकाचौकांत वाचून दाखवली.

मागच्या आठवड्यात त्याने मला बोलावलं. राणीला दिवस गेले आहेत. म्हणाला, "पाळण्याची व्यवस्था तू बघ. तुझ्या आईला आण. माझ्या मुलालाही त्या गोष्टी सांगू दे." मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तो टोचत नव्हता. त्याला खरंच तसं हवं होतं. लहानपणी ज्या घरात तो हसला ते हे एकच घर होतं, आणि त्याला ते आपल्या मुलासाठी हवं होतं. ह्यापेक्षा भयंकर काही मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

मी विचार करायला दोन दिवस मागितले आणि आईला लीथला घेऊन गेले. गलबताचा कप्तान ऑलिफंट तुला ओळखतो. आईला मी सांगितलं की तिला तुझ्याकडे काही दिवस राहायला पाठवते आहे.

"आणि तू?" तिने विचारलं. कितीतरी आठवड्यांनी ती आपणहून बोलली.

"मी पुढच्या गलबताने येते."

"गाईचं काय?"

"वॅट बघेल."

"वॅटला गाय कळते होय? त्याला फक्त पिंप कळतं." मग माझी शाल नीट करून म्हणाली, "निनियनसाठी दोन सदरे शिवून नेते म्हणून सांग त्याला. माप विसरलेय. जाडा झालाय का गं तो, विचार."

मी गलबत सुटेपर्यंत थांबले नाही. थांबले असते तर चढले असते.

आज सकाळी बाजार भरल्यावर मी चौकातल्या दगडी क्रूसाच्या पायरीवर चढले. हुकूम वाचतात त्याच जागी. लोकांना वाटलं, किल्ल्यावरून नवी दवंडी आली; म्हणून गोळा झाले. मी म्हणाले, ग्लेनर्डी सरदाराने पाळण्यापाशी पूर्ण शपथ घेतली होती. ते वाक्यही म्हटलं होतं. राजा त्या शपथेने बांधलेला आहे, आजही.

कुणीतरी ओरडलं, "गिळलं!" आणि सगळे हसले.

"उतर गं खाली! घर मिळालं ना तुम्हाला?"

"कुरण परत करायचं असेल तर मला दे!"

"माझी गोष्ट ऐकून घ्या," मी म्हणाले.  मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, अगदी सावकाश, मास्टर गिलक्रिस्टांपुढे धडा म्हणत असल्यासारखं. ह्या वेळी हसणं जरा कमी झालं. मग बेट्रिस पुढे आली. हातात हेरिंग माशांची टोपली होती. ती काही दुष्टपणाने बोलली नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"म्हणजे तुझी आई बायबलवर हात ठेवून खोटं बोलली?"

 मला ठाऊक होतं हा प्रश्न येणार. त्याच्यासाठीच मी आईला आधी पाठवलं होतं. ती माझ्यासाठी बोलली, हेही मी सांगू शकले असते. मी ते ठरवून सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी आईची कीव केली असती, घरी जाऊन तेच बोलत बसले असते, आणि म्हाताऱ्याची पुन्हा आठवण राहिली नसती.

"हो," मी म्हणाले. "माझी आई देवासमोर खोटं बोलली. तो माणूस निर्दोष होता."

कुणी मासे फेकून मारले नाहीत. कुणी टोपीही काढली नाही. बेट्रिस टोपली उचलून निघून गेली. मग एक म्हातारा म्हणाला, "हे आधी सांगायचं होतंस, पोरी."

पायरीवरून उतरून मी घरी गेले नाही. सरळ किल्ल्यावर आले, कपड्यांच्या कोठीच्या किल्ल्या पहारेकऱ्याच्या टेबलावर ठेवल्या आणि चौकात काय बोलले ते त्याला शब्दशः लिहून देऊन खाली माझं नाव घातलं.

ग्रिझेल